मुलगी ‘पोट दुखतंय’ म्हणते तेव्हा

माझ्या लेकीच्या उजव्या अंडाशयातून कॅन्सरची गाठ काढली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आठवीत. आज ती कॉलेजात जाते, धडधाकट आहे आणि हा लेख छापायला देण्याआधी तिने तो वाचला आहे. आपलं नाव घालायचं नाही आणि जे घडलं ते सौम्य करून सांगायचं नाही, या तिच्या दोन अटी मी पाळल्या आहेत.

तेरा वर्षांच्या मुलीच्या अंडाशयात गाठ होऊ शकते, हे तेव्हा आमच्या घरात, शेजारात, तिच्या शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. अंडाशयाचा आजार म्हणजे पाळी गेलेल्या बायकांचा, असाच सगळ्यांचा समज. हा आजार मुलींमध्ये कमी दिसतो, आणि बऱ्याचदा ओळखायला वेळ लागतो तो त्यामुळेच. दुसऱ्या एखाद्या घरात हा वेळ वाचावा, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात अगदी साधी होती. युनिफॉर्मच्या सलवारीची नाडी तिला काचायला लागली. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, लघवीला सारखं जावं लागायचं, संध्याकाळी ओटीपोटात दुखायचं. पोट पुढे येत होतं आणि चेहरा, दंड मात्र वाळत चालले होते. पाळी नुकतीच सुरू झालेली, त्यामुळे प्रत्येक दुखण्याला पाळीचं नाव मिळालं. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांनी आधी जंताचं औषध दिलं, मग ॲसिडिटीचं, मग पोट साफ होण्याचं. पोटाला हात लावून एकदाही तपासलं नाही. मुलगी वयात आलेली, म्हणून त्यांना संकोच. सासूबाईंनी दृष्ट काढली. मग शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “पोरीचं पोट दिसतंय गं. बाहेरगावी कुठंतरी दाखवून आण, इथं नको.”

त्यांच्या मनात जे आलं, तेच पुढच्या दवाखान्यातही आलं. तिथल्या नर्सने वेटिंगमधल्या लोकांसमोर माझ्या लेकीच्या हातात लघवीची डबी दिली आणि कशाची तपासणी आहे ते मोठ्याने सांगितलं. ‘प्रेग्नन्सी टेस्ट’ निगेटिव्ह आली. मग पोट का वाढतंय, हा प्रश्न कुणी पुढे विचारला नाही. ‘गॅस आहे’ म्हणून आम्हाला घरी पाठवलं. त्या दिवसानंतर तिने पोट दुखतंय असं म्हणणंच सोडलं. आपल्या दुखण्यावरून लोक आपलं चारित्र्य तपासतात, हे ज्या मुलीला एकदा कळतं ती पुढचं दुखणं लपवते. गाठ मात्र वाढतच राहते.

एका रात्री झोपताना तिने माझा हात धरून बेंबीच्या खाली ठेवला. “आई, इथं काहीतरी टणक लागतंय गं.” दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापूर गाठलं आणि सोनोग्राफी केली. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासणी सावकाश केली आणि नंतर मला आत बोलावून सांगितलं, “ताई, ही साधी पाण्याची गाठ नाही. काही भाग भरीव आहे. रक्ताच्या तपासण्या झाल्याशिवाय हिला सुई लावू देऊ नका आणि घाईनं ऑपरेशनही नको.” त्याच दिवशी एका सर्जननी रिपोर्ट पाहून, ‘सिस्ट आहे, उद्या सकाळी दुर्बिणीतून पाणी ओढून घेऊ, परवा घरी’ असं सांगितलं होतं. आम्ही थांबलो. रक्तातला ‘एएफपी’ नावाचा घटक हजारांच्या घरात आला. मग सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई आणि परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा लहान मुलांचा विभाग.

तिथे जे शिकले, ते पुढे लिहिते आहे. एका वाक्यात सांगायचं तर तपासणी लवकर व्हावी आणि शस्त्रक्रिया विचार करून व्हावी. आमच्या बाबतीत पहिलं फार उशिरा झालं आणि दुसरं अगदी थोडक्यात साधलं.

सगळ्या गाठी सारख्या नसतात

आधी धीर देणारी गोष्ट. मुलींच्या अंडाशयात दिसणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये पाण्याच्या साध्या पिशव्या तर फारच सर्रास दिसतात. दर महिन्याला अंडाशयात बीज तयार होताना एक छोटी पिशवी फुगते, कधी ती वेळेवर फुटत नाही किंवा विरत नाही आणि सोनोग्राफीत दिसते. भिंत पातळ, आत नुसतं पाणी, आकार पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर डॉक्टर सहसा सहा ते आठ आठवडे थांबून पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतात. बहुतेकदा ती आपोआप नाहीशी झालेली असते. अशा पिशवीसाठी घाबरून ऑपरेशनला धावू नये.

दुसरा प्रकार डर्मॉइडचा. मुलींमध्ये अंडाशयाची जी गाठ खऱ्या अर्थाने गाठ म्हणावी, तिच्यात सर्वांत जास्त आढळणारी आणि निरुपद्रवी अशी हीच. तिच्यात चरबी, केस, कधी दातही निघतात. हे ऐकून घरची माणसं हादरतात, करणीचा संशय घेतात, कुणी मुलीकडेच वाकड्या नजरेने पाहतं. कारण अगदी सरळ आहे. अंडाशयातल्या बीजपेशींमध्ये शरीराची कुठलीही ऊती घडवण्याची क्षमता उपजतच असते. त्यातली एखादी पेशी चुकीच्या वेळी वाढायला लागली की त्वचा, केस, दात असं काहीही तयार होतं. त्याचा गर्भाशी संबंध नाही, बाहेरच्या बाधेशी तर नाहीच. ही गाठ काढताना शक्य तिथे अंडाशयाचा चांगला भाग राखता येतो. दुसऱ्या बाजूलाही ती होऊ शकते, म्हणून पुढची काही वर्षं अधूनमधून सोनोग्राफी करत राहावी.

तिसरा प्रकार कॅन्सरचा. मोठ्या बायकांमध्ये अंडाशयाचा कॅन्सर बहुधा त्याच्या बाहेरच्या आवरणाशी निगडित पेशींपासून होतो, मुलींमध्ये मात्र तो बहुतेकदा बीजपेशींचा असतो. या गाठी झपाट्याने वाढतात, काही आठवड्यांत पोट दिसायला लागतं. पण औषधाला त्या चांगला प्रतिसादही देतात. लवकर सापडल्या तर दहातल्या नऊहून अधिक मुली बऱ्या होतात. माझ्या लेकीची गाठ याच जातीची होती, ‘योक सॅक ट्यूमर’.

चौथा, कमी आढळणारा प्रकार हार्मोन तयार करणाऱ्या गाठींचा. आठ वर्षांच्या आतल्या मुलीच्या छातीची वाढ सुरू झाली, किंवा अंगावरून रक्त गेलं, तर ‘हल्ली मुली लवकरच मोठ्या होतात’ म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे इतरही कारणं असतात, पण अंडाशयाची गाठ हे एक कारण आहे. तसंच मोठ्या मुलीची पाळी अचानक बंद झाली, आवाज जाड झाला, चेहऱ्यावर भराभर केस आले, तर प्रत्येक वेळी ‘पीसीओडी’ हेच उत्तर नसतं. पीसीओडी हळूहळू होतो. काही महिन्यांत झालेला बदल तपासून घ्यावा. यातल्या काही गाठी घराण्यात चालत आलेल्या जनुकीय दोषामुळे होतात, तेव्हा डॉक्टर जनुकीय तपासणी सुचवतात.

आणखी एक प्रसंग क्वचित घडतो, पण माहीत असावा. डर्मॉइड किंवा त्याच जातीची गाठ असलेल्या काही मुलींमध्ये शरीर स्वतःच्याच मेंदूविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. काल-परवापर्यंत चांगली असलेली मुलगी अचानक असंबद्ध बोलू लागते, झोप उडते, झटके येतात, हातपाय नि ओठ विचित्र हलतात. या आजाराचा अंडाशयाशी असलेला संबंध २००७ साली जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडला. आपल्याकडे अशा मुलीला अंगात आलं म्हणून देवऋष्याकडे नेलं जातं. तिला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या आणि अंडाशयाची सोनोग्राफी होईल हे पाहा.

जिथे क्षणही दवडायचा नाही

मी ‘घाईने ऑपरेशन नको’ म्हणते, त्याला एक मोठा अपवाद आहे. अंडाशय एका देठावर असतं आणि त्या देठातूनच त्याला रक्त मिळतं. गाठीचं वजन वाढलं की अंडाशय स्वतःभोवती फिरतं आणि देठाला पीळ पडतो. तेव्हा पोटाच्या एका बाजूला अचानक, मुलगी दुमडून जाईल इतकं दुखतं, सोबत उलट्या होतात. कधी दुखणं येतं-जातं, कारण पीळ थोडा सुटतो आणि पुन्हा पडतो. उजव्या बाजूला असेल तर ॲपेंडिक्स वाटतो.

अशा वेळी वेदनाशामक देऊन रात्र काढू नका, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्या. सोनोग्राफीत रक्तपुरवठा चालू दिसला तरी पीळ नाहीच असं म्हणता येत नाही. पीळ सोडवल्यावर काळंनिळं पडलेलं अंडाशयही बऱ्याचदा पुन्हा जिवंत होतं, म्हणून नुसत्या रंगावरून ते काढून टाकू नये असंच आता मानतात. ‘पीळ सोडवून अंडाशय वाचवता येईल का?’ हा प्रश्न ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करताना जरूर विचारा.

पहिली शस्त्रक्रिया फार महत्त्वाची

पीळ नसेल तर दोन-चार दिवस तपासण्यांना द्यायला हरकत नसते आणि ते द्यावेतच. पहिली तपासणी म्हणजे पोटावरून केलेली सोनोग्राफी. लघवीने मूत्राशय भरलेलं असलं की अंडाशय नीट दिसतं, म्हणून पाणी प्यायला सांगतात. मुलींमध्ये आतून तपासणी करत नाहीत, या तपासणीत किरणोत्सर्ग नसतो आणि ती दुखत नाही. लहान मुलींचं अंडाशय मोठ्या बायकांपेक्षा वरच्या बाजूला असतं, त्यामुळे गाठ ओटीपोटाऐवजी बेंबीपाशी हाताला लागू शकते. गाठीत भरीव भाग असेल, ती मोठी असेल किंवा पोटात पाणी असेल तर पुढे एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो.

त्यासोबत रक्तातले ‘ट्यूमर मार्कर’ तपासतात. एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच हे मुख्य, हार्मोनची लक्षणं असतील तर इन्हिबिन वगैरेही. हे रक्त ऑपरेशनच्या आधी घेतलेलं असावं. गाठ काढल्यावर आकडे उतरायला लागतात आणि मूळ आकडा किती होता हे कळायला मार्ग राहत नाही. शरीरात काही उरलं नसेल तर एएफपी साधारण पाच ते सात दिवसांनी निम्मा होत जातो. आम्ही पुढचे कित्येक महिने त्या एका आकड्याकडे पाहत जगलो. तान्ह्या बाळांमध्ये एएफपी मुळातच जास्त असतो, हेही लक्षात ठेवावं. ‘सीए १२५’ ही मोठ्या बायकांसाठी सर्रास केली जाणारी तपासणी मुलींमध्ये फारशी कामाची नाही, पोटाच्या क्षयरोगातही तो आकडा वाढतो.

बीटा एचसीजीबद्दल प्रत्येक आईने एक गोष्ट जाणून घ्यावी. लघवीची गरोदरपणाची चाचणी याच घटकावर चालते आणि काही गाठी तो स्वतः तयार करतात. म्हणजे गर्भ नसतानाही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. अठरा वर्षांखालची मुलगी गरोदर आढळली तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक असतं आणि मुलींच्या रक्षणासाठी ते योग्यच आहे. म्हणूनच पट्टीवरच्या दोन रेघांवर निष्कर्ष काढण्याआधी सोनोग्राफी झाली पाहिजे. मुलीवर आवाज चढवण्याआधी तर झालीच पाहिजे.

आता सुईबद्दल. कॅन्सरचा संशय असलेल्या अंडाशयाच्या गाठीत सुई घालून पाणी काढलं किंवा ती पोटात फुटली, तर पेशी पोटभर पसरू शकतात. जी मुलगी फक्त शस्त्रक्रियेवर बरी झाली असती, तिला मग केमो घ्यावी लागू शकते. म्हणून अशी गाठ अखंड बाहेर काढायची असते. माझ्या लेकीचं ऑपरेशन दुर्बिणीने न करता पोट उघडून केलं ते याचसाठी. त्या वेळी सर्जन पोटातलं पाणी तपासणीला घेतात, दुसरं अंडाशय, आतडी, चरबीचा पडदा, लसिकाग्रंथी पाहतात आणि संशयास्पद वाटेल तेवढ्याचाच तुकडा घेतात. मुलींमध्ये गर्भाशय आणि दुसरं चांगलं अंडाशय राखण्याचाच प्रयत्न असतो. कुणी सगळंच काढून टाकू म्हणालं तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

काढलेली प्रत्येक गोष्ट पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, साधी सिस्ट म्हणाले तरीही. तिच्या स्लाइड आणि ब्लॉक जपून ठेवा. पुढच्या रुग्णालयात सर्वांत आधी तेच मागतात.

केमो आणि त्यानंतर

आमची गाठ अखंड निघाली, पण पोटातल्या पाण्यात पेशी सापडल्या, म्हणून केमो ठरली. ज्यांची गाठ पहिल्या टप्प्यातच पूर्ण निघते, अशा काही मुलींना केमोशिवाय नुसत्या देखरेखीवर ठेवतात. ते डॉक्टरच ठरवतात आणि त्यात मार्करची तपासणी एकदाही चुकवून चालत नाही.

सर्रास दिली जाते ती तीन औषधांची केमो, ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन, साधारण दर तीन आठवड्यांनी. लेकीचे लांब केस गेले. सिसप्लॅटिनच्या दिवसांत सलाइनवर सलाइन आणि उलट्या. उलटीची औषधं वेळेआधी दिली तर बराच फरक पडतो, तेव्हा ती मागून घ्या. सिसप्लॅटिनचा परिणाम मूत्रपिंडांवर आणि ऐकण्यावर होऊ शकतो, म्हणून आधी आणि नंतर ऐकण्याची तपासणी करून घ्या. ब्लिओमायसिनचा परिणाम फुफ्फुसांवर होतो. पुढे आयुष्यात कधीही भूल घ्यायची वेळ आली तर हे औषध घेतल्याचं भूलतज्ज्ञांना सांगायचं, हे तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे. केमो चालू असताना ताप आला तर घरी क्रोसिन देऊन वाट पाहायची नाही, सरळ रुग्णालयात जायचं.

खर्चाचं बोलायचं तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यात कॅन्सरचे उपचारही आहेत. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात राहण्याची सोय, निधी, रेल्वेच्या सवलतीचं प्रमाणपत्र यांची चौकशी करा. मुंबईत बाहेरगावच्या कॅन्सरग्रस्त मुलांना पालकांसह राहता यावं म्हणून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रं आहेत. मागायला संकोच करू नका, त्या सोयी आपल्यासारख्यांसाठीच केलेल्या आहेत.

मुलीशी आणि माणसांशी बोलताना

आम्ही तिला पहिल्यापासून खरं सांगितलं. गाठ कुठे आहे, काय काढणार, केस जाणार आणि परत येणार. तेरा वर्षांच्या मुलीला आजूबाजूच्यांच्या चेहऱ्यावरून सगळं कळतच असतं. आपण बोललो नाही तर ती मनातल्या मनात त्याहून वाईट काहीतरी रचते. तिने पहिला प्रश्न विचारला तो, “माझ्यामुळे झालं का?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मुलीच्या मनात असतो, तेव्हा तिने विचारण्याआधीच उत्तर द्या. पाळीत काम केलं, सायकल चालवली, चिंच-लोणचं खाल्लं, यातल्या कशानेही अशी गाठ होत नाही.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न लग्नाचा होता. वन्संनी तर फोटोतसुद्धा टक्कल दिसू देऊ नका म्हणून सांगितलं. मी सगळ्यांना एकच सांगत गेले, की एक अंडाशय पाळीला पुरतं आणि बाळंतपणालाही पुरतं. या केमोनंतर बहुतेक मुलींची पाळी पुन्हा सुरू होते, तिचीही झाली. तरीही उपचारांआधी बीज राखून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारण्याचा हक्क प्रत्येक मुलीला आहे. बाकी, तिच्या शरीराची माहिती तिची आहे. कुणाला सांगायची, कधी सांगायची हे तीच ठरवेल.

आयांनो, एवढं करा

पोट वाढतंय आणि अंग वाळतंय, थोडं खाल्लं तरी पोट भरतंय, लघवी किंवा शौचाची तक्रार नव्याने सुरू झाली आहे, ओटीपोटात दुखणं दोन आठवड्यांवर टिकलं आहे, यांपैकी काही दिसलं तर जंताच्या दुसऱ्या औषधाऐवजी सोनोग्राफी मागा. पंधरा वर्षं झाली तरी पाळी नाही, किंवा पाळी न येताच दर महिन्याला पोटात दुखतं, तरीही सोनोग्राफी हवी. कधी बाहेरची वाट बंद असल्याने पाळीचं रक्त आत साठून फुगवटा होतो, त्यावर उपचार आहे.

डॉक्टरांना पोट हाताने तपासायला सांगा. संकोच वाटत असेल तर स्वतः शेजारी उभ्या राहा, महिला डॉक्टर मागा, पण तपासणी टाळू नका. सरकारी शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पथक आलं की मुलीची तक्रार त्यांच्या कानावर घाला.

आणि गाठ निघालीच, तर ऑपरेशनच्या आधी पुढचे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. पीळ पडल्याची शक्यता आहे का? म्हणजे आजच ऑपरेशन हवं, की तपासण्यांना वेळ आहे?
२. ट्यूमर मार्करचं रक्त घेतलं का?
३. कॅन्सरचा संशय असेल तर गाठ न फोडता काढणार ना?
४. अंडाशय, निदान दुसरं अंडाशय आणि गर्भाशय, राखणार ना?
५. मुलींच्या अशा गाठींचा अनुभव असलेले लहान मुलांचे सर्जन किंवा कॅन्सरतज्ज्ञ यांचं मत घ्यायचं का?

हे प्रश्न विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. उत्तर मिळालं नाही तर रिपोर्ट घेऊन पुढच्या दारी जा. आणि मुलगी पोट दुखतंय म्हणाली की तिच्या शब्दावर विश्वास ठेवून तिथूनच सुरुवात करा. काय झालंय ते तपासणी सांगेल, शेजारीपाजारी नव्हे.